सोळा शुक्रवार आणि एक चिंच

इतिहास या विषयाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि तो दोन्ही पक्षांच्या संमतीनं संपला. पुढं मी कॉमर्सला गेलो, बी. कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. तेव्हापासून सन, तारीख, वार यांच्याशी माझी गाठ पडते ती फक्त चेकवर. शिळा चेक ओळखून परत करायचा, एवढंच माझं इतिहास-संशोधन. तरीही आज मी इतिहासावर लिहायला बसलो आहे आणि त्याला कारण आहेत आमच्या शाखेतले चार संतोष.

होय, चार. कॅशला एक, कर्जखात्यात एक, शिपाई एक आणि चौथा मी. मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून "संतोष!" अशी हाक मारली, की चौघंही मान वर करतात, हाक दुसऱ्याला असणार अशी चौघांचीही खात्री पटते आणि कुणीच जात नाही. शेवटी सोय म्हणून कॅश-संतोष, लोन-संतोष आणि चहा-संतोष अशी बारशी झाली. मी अधूनमधून दिवाळी अंकांत काहीबाही लिहितो, म्हणून मी कागद-संतोष.

एकदा कसल्याशा फॉर्मसाठी साऱ्या स्टाफच्या जन्मतारखा लिहायची वेळ माझ्यावर आली. लिहिता लिहिता लक्षात आलं, की चौघंही संतोष १९७६ ते १९८१ एवढ्या अवधीत जन्मलेले. मी स्वतः १९७९ चा. आता एका रकान्यात चार आकडे असे जुळून आलेले दिसले, की कॉमर्सच्या माणसाला आनंद होत नाही. त्याला वाटतं, कुणीतरी कुठंतरी काहीतरी केलेलं आहे. मी चौकशी केली. तिघांच्या आयांनी एकच उत्तर दिलं. (लोन-संतोषची आई म्हणाली, "चार पोरींवर झाला, म्हणून संतोष झाला." हे उत्तर मी हिशेबाबाहेर ठेवतो.) बाकी तिघांना हे नाव एका सिनेमानं दिलं होतं.

१९७५ साली 'जय संतोषी माँ' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्या वर्षाच्या सुरुवातीला 'दीवार' आला होता, पंधरा ऑगस्टला 'शोले' आला आणि मधे जूनमध्ये आणीबाणीही आली. असल्या दणदणाटात हा चित्रपट म्हणजे लग्नाच्या पंगतीत पोहे घेऊन आलेल्या पाहुण्यासारखा. मोठे नट नाहीत, खर्च बेताचा. दिग्दर्शक विजय शर्मा, निर्माते सतराम रोहरा. नायिका कानन कौशल. देवीच्या भूमिकेत अनिता गुहा. त्यांना लोक १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मधली सीता म्हणून ओळखायचे. आणि हा पोहे घेऊन आलेला पाहुणा पंगत मारून गेला! त्या वर्षी ज्यांनी गल्ला भरला, त्यांत 'शोले' आणि 'दीवार' यांच्या शेजारी हाही जाऊन बसला.

त्या वेळी आईचं लग्न झालेलं नव्हतं. तिचं माहेर अकोल्याचं. तिनं तो सिनेमा चार वेळा पाहिला आणि चारही वेळा वडलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या परवानगीनं. ज्या माणसानं घरातल्या मुलींना सिनेमाचं पोस्टरसुद्धा पाहू दिलं नव्हतं, त्यानं यासाठी स्वतः पैसे काढून दिले. "थेटरात कोनी चपला घालून बसलं नव्हतं," आई सांगते. "बाया भाईर चपला काढून येत. आरती लागली का पैसे फेकत पडद्यावर. माह्या बाजूची बाई तं कुंकवाचा करंडा घेऊन आली होती. मले वाटे, देवी माह्याकडंच पाहून रायली."

अशा हकिकती त्या काळात गावोगावच्या आहेत. थिएटरात फुलं उधळली गेली, खेळानंतर प्रसाद वाटला गेला, आणि अनिता गुहांच्या लोक पाया पडू लागले. त्या स्वतः सांगत, की ही भूमिका मिळेपर्यंत या देवीचं नावही मी ऐकलं नव्हतं. आपलं तरी निराळं काय होतं? शिवपार्वतीच्या संसाराची आपल्याला खडान्‌खडा माहिती. पण गणपतीला एक मुलगी आहे, आणि तिच्या भावांनी राखी बांधायला बहीण मागितली म्हणून ती जन्माला आली, ही बातमी महाराष्ट्राला सिनेमाच्या थिएटरात कळली. पेणच्या मूर्तिकारांनी आणि पुण्याच्या मानाच्या पाचही गणपतींनी ती आपल्याला लागू दिली नव्हती.

विद्वान सांगतात, की जुन्या पुराणांत या देवीची कथा सापडत नाही. पण म्हणून तिला सिनेमानं शून्यातून घडवलं असंही नव्हे. उत्तरेत तिचं व्रत त्याआधीपासून होतं, व्रतकथेच्या छोट्या पोथ्या बाजारात होत्या, जोधपूरला देऊळ होतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं आधीच उघडलेलं होतं, व्यवहार मात्र किरकोळ होते. सिनेमानं त्यात एवढी मोठी रक्कम भरली, की सगळ्या शाखांचं लक्ष गेलं. आणि व्रत तरी कसं? सोळा शुक्रवार, गूळ आणि चणे, आंबट वर्ज्य. ना भटजी, ना सोवळं, ना सोनं. महिन्याच्या वीस तारखेनंतरही परवडेल असं हे व्रत होतं. शेवटी उद्यापनाला आठ मुलांना खीर-पुरीचं जेवण. त्यांच्या हातावर पैसे ठेवायचे नाहीत, कारण मुलं त्याची चिंच घेऊन खातात. कथेत असंच घडतं आणि देवी कोपते.

आईनं सोळा शुक्रवार केले आणि १९७७ साली तिचं लग्न झालं. मुलगा अमरावतीचा, नोकरी अकोल्यात, म्हणजे सासर-माहेर एका मुक्कामी. तिनं पुन्हा सोळा शुक्रवार केले आणि मी झालो. दोन अर्ज, दोन्ही मंजूर. आमच्या कर्जखात्याचाही असा लौकिक नाही. तेव्हा माझं नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चा झालीच नाही.

आता सुशिक्षित माणूस हे ऐकून गालात हसतो. मीही कॉलेजात असताना हसत असे. पण सिनेमा पाहून हात जोडणं हे काही १९७५ च्या बायकांचं वेड नव्हे. या धंद्याचा पायाच त्यावर घातलेला आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना राम आणि कृष्ण दिसत होते. दुसऱ्या वेळी ते पत्नीला, सरस्वतीबाईंना, बरोबर घेऊन गेले. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. पुढं १९१७ साली 'लंकादहन' आला तेव्हा पडद्यावर राम दिसताच माणसं नमस्कार करत. असं सांगतात, की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली. (नाणी मोजणाऱ्या त्या कॅशियरबद्दल मला आतून कणव वाटते.) पण गंमत पुढंच आहे. त्यातला राम म्हणजे अण्णा साळुंके. आणि सीता? तीही अण्णा साळुंकेच! सिनेमात काम करायला त्या काळी बायका मिळत नव्हत्या. हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती केलं होतं, इथं डबल ड्यूटी दिली. म्हणजे प्रेक्षक एका माणसाला दोनदा नमस्कार करत होते आणि राम-सीतेची ताटातूट पाहून रडत होते. वनवासापेक्षाही कठीण ताटातूट. एका फ्रेममध्ये येणंच शक्य नाही!

मग १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सत्तावन्न आठवडे चालला आणि पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस, रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले. त्यांच्यापुढं लोक वाकत, आणि तुकोबा म्हटले की आजही कित्येकांच्या डोळ्यांपुढं जो चेहरा उभा राहतो, तो विष्णुपंतांचा असतो. देहूला जाऊन आलेल्या माणसालासुद्धा विचारून पाहा.

त्याच चित्रपटात बीजावर आणि झाडावर एक अभंग आहे. तो तुकोबांच्या गाथेत नाही. तो चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिला. पण तो इतका चपखल उतरला, की भल्याभल्या जाणकारांना तो तुकोबांचाच वाटला. दुसऱ्याची सही इतकी हुबेहूब करणाऱ्याला आमच्याकडं पोलिसांत देतात. आठवल्यांच्या बाबतीत मात्र लोकांनी तो चेक वटवला आणि त्या पैशावर वर्षानुवर्षं भजनं केली. 'जय संतोषी माँ'चीही तीच गत. कवी प्रदीप यांची गीतं, सी. अर्जुन यांचं संगीत, उषा मंगेशकरांचा आवाज. त्यातली आरती पडद्यावरून उतरली ती थेट देवघरात गेली. आमच्या देवघरात ती 'सुखकर्ता'नंतर व्हायची. आधी बाप, मग लेक.

आमच्या अमरावतीच्या माणसानं तर सिनेमाला नावं ठेवूच नयेत. मुंबईत जसं नाझ, तसं आमच्याकडं अमरावती आणि भुसावळ. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या चित्रपट वितरणाची ही ठाणी. गावोगावच्या टॉकीजमध्ये जाणाऱ्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या इथून सुटत. गावाचा नकाशाच बघा ना. राजकमल चौक, श्याम चौक, प्रभात चौक, चित्रा चौक, सरोज चौक. परका माणूस म्हणेल, ही कुणा थोर पुरुषांची नावं असतील. टॉकीजची आहेत. त्यांतल्या काही टॉकीज बंद पडल्या, चौक चालू आहेत. आमच्या ग्राहकांचे पत्ते तपासताना मला वाटतं, अर्धी अमरावती मध्यंतरात चहा प्यायला बाहेर पडलेली आहे आणि कायम बाहेरच राहिली आहे.

याच गावात मी सिनेमाची खरी ताकद पाहिली, आणि तीही आमच्याच घरात. माझे अमरावतीचे आजोबा म्हणजे गाडगेबाबांचं कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेला माणूस. बाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, जन्म १८७६ चा. हातात खराटा, अंगावर चिंध्या, अक्षरओळख नाही. आणि सांगणं असं, की देवापुढं बकरी कापू नका, मुलांना शाळेत घाला आणि कर्ज काढू नका. (शेवटचा उपदेश मी शाखेत मोठ्यानं म्हणत नाही.) २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी ते गेले. त्यांची समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे. आजोबा आठवण सांगत: कीर्तनाआधी बाबांनी सगळं पटांगण झाडलं, आणि गर्दीतल्या एका बड्या असामीच्या हातीही खराटा दिला.

१९७७ साली राजदत्त यांचा 'देवकीनंदन गोपाला' आला. गाडगेबाबा झाले होते डॉ. श्रीराम लागू. आजोबा पाहून आले आणि भडकले. म्हणाले, "बाबा असे नव्हतेच." मग काय, काय चुकलं याची यादी झाली, उंची, चाल, बोलण्याचा हेल. ही हकिकत वडलांनी सांगितलेली. मला आठवतात ते आजोबा त्यानंतरचे. मी शाळेत असताना ते गाडगेबाबांची नक्कल करून दाखवत. खराटा असा धरायचे, मान अशी वळवायचे, डोळे असे बारीक करायचे. पुढं कॉलेजात असताना मी तो चित्रपट पाहिला आणि खुर्चीत ताठ बसलो. आजोबा ज्यांची नक्कल करत होते, ते डॉक्टर लागू होते! खऱ्या बाबांना दोन हातांवरून पाहिलेला माणूस. त्याच्या डोळ्यांतले बाबा सिनेमानं हळूच उचलून नेले होते आणि आपले तिथं ठेवले होते. आणि तेही कुणाचे, तर देव ही कल्पना आता निवृत्त करा असं जाहीरपणे म्हणणाऱ्या डॉक्टर लागूंचे. मी आजोबांना हे कधी सांगितलं नाही. त्यांच्याजवळ शिल्लक एवढीच होती. ती खोटी आहे म्हणून सांगणारा मी कोण?

तर मी कॉलेजात हसत होतो असं वर म्हटलं, ते पुरतं खरं नाही. हसत होतो, पण शुक्रवारी आंबट खात नव्हतो. आजही अमरावतीतला गिला वडा मला प्राणप्रिय आहे. चारचौघांत मी देवाधर्माबद्दल बेपर्वाईनं बोलतो. पण शुक्रवारी त्या गाडीसमोरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जातो. दही आंबट, वर चिंचेची चटणी. याला कारण आईचा धाक नव्हे. याला कारण मी तिसरीत असताना घडलेला प्रकार आहे, आणि तो मी तीस-पस्तीस वर्षं कुणालाही सांगितला नव्हता.

तेव्हा आम्ही अकोल्याला एका वाड्यात राहत होतो. सात बिऱ्हाडं, एक नळ. रविवारी सकाळी सातही बिऱ्हाडं घरमालकांच्या खोलीत टीव्हीवर रामायण पाहायला जमत, आणि टीव्हीला हार घालायचा मान पाळीपाळीनं मिळे. त्या वर्षी गणपतीत गल्लीच्या मंडळानं 'जय संतोषी माँ' दाखवला. भाड्यानं आणलेला व्हिडिओ, मांडवात गर्दी, मागं गणपती आणि पुढं त्याच्या मुलीचा सिनेमा. त्यात नायिकेच्या जावा उद्यापनाच्या जेवणात लिंबू पिळतात आणि जेवणारी पोरं पटापट आडवी पडतात. पुढं देवी येऊन त्यांना उठवते म्हणा. पण ती आडवी पडलेली पोरं माझ्याच वयाची होती, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

शेजारच्या खोलीत एक काकू राहत. काका एका कापड गिरणीत बदली कामगार होते. आमच्या बँकेत बदली म्हणजे गाव सुटणं; गिरणीत बदली कामगार म्हणजे रोज फाटकावर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घेतील, नाहीतर परत. काका कित्येकदा डबा न उघडताच परत येत. ते कायम व्हावेत म्हणून काकूंनी सोळा शुक्रवार धरले होते. आणि काका खरोखरच कायम झाले. काकूंनी वाड्यातल्या आठ मुलांना उद्यापनाचं जेवण सांगितलं. आठांत मी होतो.

खीर-पुरी झाली. मग काकूंनी एकेकाच्या हातावर चार आणे ठेवले आणि म्हणाल्या, "आंबट घेजा नका रे याचं." मी चार आणे मुठीत धरून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं एक म्हातारी पाटीत चिंचा, आवळे आणि बोरकूट घेऊन बसे. त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. आठवते ती तोंडातली चिंच. खाऊन झाल्यावर मी भिंतीला टेकून आडवं पडायची वाट पाहिली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही.

त्याच महिन्यात काकांच्या गिरणीला कुलूप लागलं.

आठ वर्षांच्या मुलाला कॉमर्स येत नाही, पण नोंद कशी फिरली हे त्याला बरोबर कळतं. शिक्षा माझ्या नावावर पडायची होती. मी आडवा पडलो नाही, याचाच अर्थ ती दुसऱ्याच्या खात्यावर पडली. पुढं काका काही दिवस घरी बसले, मग एका धान्याच्या अडतीवर हमालांची हजेरी घ्यायला लागले. काकूंनी पापड लाटायला घेतले. वाड्यात पापड वाळत घातलेले दिसले की मी मागच्या दारानं जात असे. नंतर वडलांनी अमरावतीला घर बांधलं आणि आम्ही वाडा सोडला. बँकेत लागल्यावर मला सस्पेन्स अकाउंट म्हणजे काय ते शिकवलं. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तात्पुरती तिथं टाकून ठेवतात. शिकवणाऱ्या साहेबांना वाटलं मला समजत नाही, म्हणून त्यांनी दोनदा समजावलं. मला पहिल्यांदाच समजलं होतं.

मोठेपणी मी वाचलं, की विदर्भातल्याच काय, मुंबईतल्याही कापड गिरण्या त्या दहा-पंधरा वर्षांत एकामागून एक आजारी पडल्या. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा, भांडवल नाही, १९८२ चा मुंबईतला संप. कारणं ढीगभर होती आणि कुठल्याही अहवालात चिंचेचा उल्लेख नव्हता. वाचून बरं वाटलं. पण शुक्रवारी रस्ता ओलांडणं सुटलं नाही.

मधे तीन वर्षं माझी अकोल्याला बदली झाली होती. एके दिवशी काउंटरवर पासबुक पुढं आलं. नाव वाचलं आणि वर पाहिलं. केस पांढरे, चष्मा, बाकी काकूच.

"काकू, ओळखलं का? वाड्यातला संतोष."

"अरे बाप्पा! तू काय? केवळा झाला रे! तुही आई कशी हाये?"

काका गेले होते. मुलगा पुण्याला, मुलगी इथंच. गर्दी नव्हती. मी पासबुक मशीनमध्ये घातलं, आणि ते कुरकुरत असताना एका दमात सगळं सांगून टाकलं. चार आणे, म्हातारी, चिंच, कुलूप. सांगताना माझा आवाज इतका लहान झाला, की कॅशमधल्या माणसानं मान वर करून पाहिलं.

काकू चष्म्यातून पाहत राहिल्या. मग हसायला लागल्या.

"तुले काय वाटलं, तू येकलाच होता? आठीच्या आठी पोट्ट्यायनं खाल्ली होती चिंच. म्या पाह्यलं न वरून गच्चीवरून. माहा बाल्या तं सगळ्यात पुढं होता."

"पण काकू, पैसे द्यायचेच नसतात ना उद्यापनाला?"

"नसतात तं. पन नुसत्या खिरीवर लेकराचं मन भरते काय? म्हटलं, देवीलेबी लेकरं असतीन."

"आणि गिरणी?"

"थे तं सोमवारीच समजलं होतं. फाटकाले नोटीस लागली होती बंदची. तुमच्या काकानं येऊन सांगतलं मले. उद्यापन शुक्रवारचं."

मी पासबुक हातात धरून तसाच उभा राहिलो. "मग उद्यापन कशाला केलं काकू?"

"आठ पोट्ट्यायले जेवाले सांगून ठेवलं होतं ना मी," काकू म्हणाल्या. "दूधबी सांगून झालं होतं. आता थे व्याज जमा झालं का पाय बरं."

व्याज जमा झालं होतं. मी आकडा दाखवला. त्यांनी पासबुक पिशवीत ठेवलं आणि पिशवीतूनच कागदाची पुडी काढून काउंटरच्या फटीतून आत सरकवली. गूळ आणि चणे.

"आज शुक्रवार हाये," त्या म्हणाल्या. "आंबट खाऊ नको."

माझ्या डब्यात त्या दिवशी कढी होती. ती मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दिली. त्याचंही नाव संतोषच निघालं. अकोल्याच्या शाखेतही दोन आहेत. तो कढी पाहून म्हणाला, "मला नाही चालत हो आज," आणि डबा तसाच पुढं सरकवला.